तीन अमावास्यांचा गुडघा

योगेंद्र महाराजांच्या शेडमध्ये सकाळी आठलाच दोनशे माणूस. नेरळपासून खालापूरपर्यंतचं, टेंपो करून आलेलं. आमच्या आईला खुर्चीसकट उचलून पुढे नेलं. महाराजांनी तिच्या नव्या गुडघ्यावर पाल्याचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून बांधला आणि शेजारच्या तांब्यात पाणी ओतलं. विस्तव नाही, काही नाही, पाणी खदखदायला लागलं. बायांनी हात जोडले.

"कळ तांब्यात उतरली," महाराज म्हणाले. "पण ती डाकीण हाय, गुडगा हालला का परत चढंल. तीन अमावास्या सोडायचा नाय." तीन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ फार्महाऊसचे प्लॉट विकायचा. तेव्हाही जीभ अशीच लाघवी होती.

मी विज्ञानाचा मास्तर. तांब्याच्या तळाशी चुनकळी आहे, पाणी पडलं की ती तापते आणि पाणी उकळतं, हे मला तिथंच कळलं होतं. वर्गात मुलांना दाखवतो मी. तरी गप्प बसलो, कारण घरी आल्यावर आई झोपली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

आईनं गुडघा बदलून घेतला तो तिच्या बहिणीसाठी. खालापूरची मैना मावशी अंथरुणाला खिळलेली. दर सोमवारी एसटीनं जाऊन आई तिला न्हाऊ घालायची, दुसऱ्या कुणाचा हात मावशीला चालत नाही. गुडघा गेला आणि एसटीची पायरी चढवेना.

ऑपरेशन झकास झालं. गुडघ्याभोवती बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून चालली. घरी आल्यावर बधिरपणा उतरला. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट हर्षला यायची. तिनं बजावलं होतं, की व्यायामाआधी अर्धा तास दुखण्याची गोळी, नंतर बर्फ, आणि गुडघा रोज थोडा जास्त वाकवायचाच. गोळ्या गरम पडतात म्हणून आम्ही त्या निम्म्याच दिल्या. मग गुडघा वाकवला की आई हंबरडा फोडायची. माझ्यानं ऐकवेना. हर्षलाला मीच येऊ नको म्हणालो आणि आईला महाराजांकडे नेलं.

तिसरी अमावास्या झाली आणि ठाकरवाडीची मंगळी रानभाजी घेऊन दारात आली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मोडलेली हाडं बसवतात. कामट्या बघून ती टोपली खाली ठेवून उभीच राहिली.

"मास्तर, हिचं मोडलंय कुठं? मोडलं तर बांदायचं. चांगला पाय बांदला तं त्याचं लाकूड व्हतं."

मी कामट्या सोडायला बसलो. हलवलाच नाही तर दुखणार कसा? हाच सगळा चमत्कार. तांब्यातला चुना नुसता डोळ्यांत धूळ फेकायला.

हर्षलाला परत बोलावलं. गुडघा थोडासा वाकतो आणि अडतो. आत वण घट्ट झालेत, ते पहिल्या काही आठवड्यांतच सोडवायला हवे होते, असं डॉक्टर म्हणाले. आता भूल देऊन वाकवून बघतील, पण फार आशा धरू नका म्हणाले. तिकडे मावशी अजून दर सोमवारी सकाळी केस सोडून वाट बघते, असं शेजारीण फोनवर सांगते.

काल मी आईची माफी मागितली.

"मी रडलेच असते रं," ती म्हणाली. "पन तू वाकवायचास."

महाराजांच्या शेडला आता कुलूप आहे. त्यांच्यावर मी तक्रार दिली आहे. माझ्यावर कुणी द्यायची? तुमच्या घरी कुणाचा गुडघा बदलला असेल तर एवढंच ऐका. गोळी वेळेवर द्या, बर्फ ठेवा, शंका डॉक्टरला विचारा, आणि गुडघा वाकवा. आई रडेल. तिचा हात धरून बसा, पण वाकवा.