उजव्या अंगाचं ऊन

वन्संनी हनुवटीला धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"डावा गाल बघ केवढा नितळ! आणि उजव्यावर हे वांग. मुलाच्या लग्नाच्या फोटोत अशी उभी राहणार आहेस?"

त्यांनी पर्समधून एक ट्यूब काढून तिच्या हातात कोंबली. ट्यूबवर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

ती बस चालवायची. उमेदीची सगळी वर्षं त्याच सीटवर गेली होती. उजव्या अंगाला खिडकी आणि खिडकीत ऊन, त्यामुळे उजवा गाल आणि उजवा हात तपकिरी ठिपक्यांनी भरून गेले होते. डेपोत तिला सगळे ब्रेकताई म्हणत, कारण वायफळ बोलणाऱ्याला ती जागच्या जागी थांबवायची. नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीपुढे मात्र तिचा ब्रेक लागत नसे. तिनं मुकाट्यानं मलम लावायला सुरुवात केली.

पंधरवड्यात गालाची सालं निघाली. रात्री गाल उशीला टेकवेना, तेव्हा ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"हे कुणी दिलं?" डॉक्टरीणबाईंनी ट्यूब दोन बोटांत धरून विचारलं.

"घरच्यांनीच. प्रेमानं."

"प्रेमानं दिलेलं आधी माझ्या टेबलावर आणायचं, मग गालावर." ट्यूब कचऱ्याच्या डब्यात गेली. "आणि हे वांग नव्हे, उन्हाचे डाग आहेत. कातडी उन्हापासून वाचायला रंग तयार करते, वर्षानुवर्षांनी तो असा जागोजागी साठतो. त्यांच्यापासून धोका नाही. लेसरनं फिके करता येतील, पण ऊन अडवलं नाहीत तर पुन्हा येतील."

"खिडकीची काच लावूनच बसते की मी."

"काचेतून चटका कमी लागतो. डाग पाडणारं ऊन बरंचसं आत येतंच."

बोलता बोलता त्यांचं भिंग कानापुढच्या एका डागावर थांबलं आणि तिथून हलेना.

"हा वाढलाय का हो?"

"वाढलाय थोडा. का?"

"याची कड वेडीवाकडी आहे, रंगही एकसारखा नाही. हा काढून तपासायला पाठवू."

तो साधा डाग नव्हताच. कर्करोग होता, पण अजून वरवरचा. भोवतालची थोडी कातडी आणखी कापावी लागली आणि धोका टळला. कानापासून गालापर्यंत एक गुलाबी व्रण तेवढा उरला.

वन्सं रडतच आल्या. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती. आता बाकीचेही सगळे जाळून टाक बाई, एकही ठेवू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं वन्संना ब्रेक लावला.

"जीवावर उठला होता तो गेला, वन्सं. बाकीचे माझ्या वाटेला जात नाहीत, मी कशाला त्यांच्या वाटेला जाऊ? यापुढचं ऊन तेवढं अडवायचं."

लग्नात फोटोग्राफर तिला दुसऱ्या बाजूला सरकवायला लागला, तर ती तसूभर हलली नाही. "आहे तो चेहरा घे," म्हणाली.

सुट्टी संपल्यावर ती गणवेशाच्या अर्ध्या बाह्यांखाली मनगटापर्यंत सुट्या पांढऱ्या बाह्या चढवून, गळ्याला रुमाल गुंडाळून कामावर आली. डेपो मॅनेजरांनी तिला फाटकातच अडवलं.

"हे काय ध्यान? गणवेशात बसतं का हे?"

"गणवेश ठरवणारे खिडकीत बसले होते का, साहेब?"

"नियम तो नियम. प्रवासी काय म्हणतील?"

"गाडी वेळेवर आली म्हणतील."

"मेमो देईन, ब्रेकताई!"

"द्या. घेतला म्हणून सही करते. बाह्या उतरवत नाही."

मेमो आला. तिनं सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाह्या घालून आली. दुसरा मेमो आला, त्यावरही सही झाली. मग डेपोतला सगळ्यात दांडगा, मिशाळ ड्रायव्हर एका सकाळी बायकोच्या फुलाफुलांच्या बाह्या घालून उगवला. सगळे खो खो हसले. तो म्हणाला, "हसा लेको. तुमचेही हात बघितलेत मी." महिनाअखेरीस निम्म्या डेपोच्या हातांवर बाह्या होत्या. मॅनेजरांनी मेमो देणं बंद केलं. परवानगी मात्र आजतागायत दिलेली नाही.

आता दर फेरीला, गाडी सुटायच्या आधी, ती आरसा आपल्याकडे वळवते आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं क्रीम तोंडाला, कानांना, व्रणावर नीट चोपडते. परवा मागून एका आजोबांनी आवाज दिला,

"काय बाई, झालं का नटून? निघायचं ना?"

बस भरलेली होती. दोघंचौघं फिदीफिदी हसले.

"थांबा आजोबा," ती आरशातच बघत म्हणाली. "मान राहिलीय अजून."

तिनं कॉलर खाली ओढली, मानेला सावकाश क्रीम लावलं, झाकण घट्ट बसवलं. मग आरसा पुन्हा रस्त्याकडे वळवून गाडी काढली.