सुतळीची टोकं

वहिनींच्या उजव्या हातात आता जागा उरली नव्हती, म्हणून छपाईच्या मिस्त्रींनी आपल्या सुतळीचं टोक त्यांच्या डाव्या करंगळीला बांधलं.

सल्लागार बाईंनी खेळ सोपा सांगितला होता. कारखाना म्हणजे यंत्र नव्हे, जिवंत शरीर. त्यात प्रत्येक अवयव देतो तसा घेतोही. तेव्हा काम अडलं की ज्याच्याकडे धाव घेता, त्याच्या बोटाला आपलं टोक बांधा. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात सुतळीला काय तोटा! बघता बघता सगळी टोकं वहिनींकडे आली, मालकांचंसुद्धा. मालक म्हणजे त्यांचे धाकटे दीर. पण नवरा गेल्यापासून गाडा ओढत होत्या त्या वहिनीच, आणि अख्खा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा.

"बघा, वहिनींवाचून इथलं पान हलत नाही," भाऊजी कौतुकानं म्हणाले.

हे वाक्य वहिनींना पाठ होतं. मागच्या वर्षी त्यांनी महिनाभर रजा मागितली, तेव्हा भाऊजींनी हेच म्हणून हात उडवला होता. पुढेही विचारलं की तेच. कौतुकाचाही असा वीट येतो, हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं.

सल्लागार बाई मात्र हसल्या नाहीत. वहिनींच्या मांडीवरच्या सुतळीच्या गुंडीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमचं टोक कुणाकडे?"

गुंडी सुटलीच नव्हती. वहिनींनी खोलीभर नजर फिरवली. माणसं चांगली होती, जीव लावणारी. पण अडल्यावर ज्याच्याकडे जावं असं एकही माणूस दिसेना. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

भाऊजींनी घाईनं हात पुढे केले. "माझ्याकडे द्या ना, वहिनी."

वहिनींनी एकेक फास आपल्या बोटावरून उतरवला आणि भाऊजींच्या बोटांत चढवला. भाऊजींचं स्वतःचं टोकही त्यांनाच परत गेलं. शेवटी वहिनींनी आपली गुंडी सोडली आणि टोक त्यांच्या अंगठ्याला बांधलं.

"मला रजा हवीय, भाऊजी."

भाऊजी सवयीनं हात उडवायला गेले, तशी खोलीतली सगळी माणसं ओढली गेली. त्यांनी हात हळूच खाली आणला.

"महिनाभरच ना?"

बोटांवरचे लाल वळ चोळत वहिनी म्हणाल्या, "तेव्हा महिना पुरला असता."