दोरातली मऊ जागा

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो, कडे चढण्या-उतरण्याचा. पण आता माझी लांबी जेमतेम दोन हात उरली आहे. एके काळी मी चांगला साठ मीटर होतो. बाकीचा मी कुठे गेलो, तेच सांगायला बसलो आहे. स्वभावाने मी काळजीखोर. सांगता सांगता मध्येच माझा धीर सुटला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. आधी पांढऱ्या धाग्यांचे पीळ एकत्र घेऊन माझा गाभा तयार झाला, मग यंत्राने त्यावर घट्ट वीण चढवली. वीण म्हणजे माझा सदरा. ती सगळ्यांना दिसते. ताकद मात्र गाभ्यात असते आणि गाभा कोणालाच दिसत नाही. माझ्या बरोब्बर मध्यावर काळ्या शाईची खूण केली होती म्हणे. 'म्हणे' अशासाठी की मला डोळे नाहीत. मला जे काही कळते ते स्पर्शाने आणि आवाजाने.

म्हणूनच ज्या मुलांच्या हाती मी पडलो, त्यांच्याशी माझे लगेच जमले. आठ-दहा मुलेमुली होती, अठरा-वीस वर्षांची. त्यांनाही दिसत नव्हते. एका शाळेच्या व्यायामशाळेत सर त्यांना गाठी मारायला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी कड्यावर नेत. शाईच्या खुणेचा त्यांना काय उपयोग? म्हणून सरांनी मध्यावर जाड धागा गुंडाळला. तो बोटाला लागला की कळायचे, अर्धा दोर झाला.

त्यांच्यातल्या एका मुलीला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. निघण्यापूर्वी ती मला मांडीवर घेई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवी.

"ताई, दोर तपासतेस की भाजी निवडतेस?" तिचा धाकटा भाऊ चिडवायचा. त्याला सगळ्याचीच घाई.

"याला लटकणार कोण? तूच ना? मग गप बस."

तिच्या बोटांतून जाताना मला फार बरे वाटे. घरच्या माणसाने कपाळाला हात लावून ताप बघावा, तसे.

मागच्या हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी वरून एक दगड सुटला आणि माझ्यावर आदळला. सरांनी मला उचलून पाहिले. "वीण शाबूत आहे. नुसता काळा डाग पडलाय," असे म्हणून त्यांनी माझी गुंडाळी केली. पण आत माझे धागे चिरडले होते. बोटभर जागा मऊ पडली होती. मित्रांनो, दोराला तोंड नसते! मी खुंटीवर लटकत महिने मोजले. एकच आशा होती, इन्स्पेक्टरची बोटे.

नवा हंगाम सुरू झाला त्या सकाळी नेमका मध्यावरचा धागा सुटून पडलेला होता. गाडी दारात उभी. सरांनी घाईघाईने शाईची खूण शोधली. शाई केव्हाच उडून गेली होती. त्यांना दिसला दगडाचा काळा डाग. तीच खूण समजून त्यांनी त्यावर नवा धागा करकचून गुंडाळला.

मग इन्स्पेक्टरने मला मांडीवर घेतले. बोटे सरकत सरकत धाग्यापाशी आली. थांब, दाबून बघ, असे मी मनात ओरडत होतो. "हा मध्य," ती पुटपुटली आणि पुढे गेली.

त्या दिवशी तिचा भाऊ पहिल्यांदाच कडा उतरणार होता. नेहमी सोबत बांधायचा आधाराचा दुसरा दोर सरांनी खालीच ठेवला. एवढ्याशा कड्याला कशाला, म्हणून. वरच्या लोखंडी कडीतून त्यांनी मला धाग्यापर्यंत ओवले. सगळा भार पेलायला माझी नेमकी तीच मऊ जागा कडीत येऊन बसली. सरांनी दोन्ही टोके खाली सोडली.

या मुलांची एक रीत होती. टोके सोडली की सगळे गप्प होऊन कान द्यायचे. एक टोक आपटले. मग नुसता वारा.

"सर, एकच आपटलं," इन्स्पेक्टर म्हणाली.

कडा मध्ये फुगलेला होता, त्यामुळे सरांना पायथा दिसत नव्हता. "दुसरं झुडपात पडलं असेल."

"मग सळसळ झाली असती."

"ताई, सहा महिने थांबलोय मी!" भाऊ वैतागला. त्याने स्वतःला माझ्यात अडकवले होते, पाठ दरीकडे केली होती. तो मागे रेलला. मी ताणलो. आतले दोन धागे तट्कन तुटले. तो आवाज फक्त मला ऐकू आला.

इन्स्पेक्टरने चाचपत त्याचा कमरपट्टा पकडला आणि दोन्ही हातांनी ओढला. "मागे ये. आत्ताच्या आत्ता!"

तिने मला वर ओढून घेतले आणि वावांनी मोजायला बसली. दोन्ही हात पसरले की एक वाव. धाग्याच्या या बाजूला अठरा भरले, त्या बाजूला बावीस.

"सर, मध्य दोन वाव सरकलाय. आखूड टोक जमिनीपर्यंत पोचलंच नव्हतं," ती म्हणाली. धागा योग्य जागी बांधायचा म्हणून तिने तो उकलला आणि तिचा अंगठा माझ्यात रुतला. तिने मला तिथे वाकवले. ओल्या कागदासारखा मी दुमडलो.

"इथे आत काही नाहीये," ती एवढेच म्हणाली.

सर बराच वेळ ती जागा दाबत राहिले. "दगडाच्या डागाला मी खूण समजलो. दुसरा दोरही आणला नाही. माझं चुकलं रे पोरांनो."

भावाने हात पुढे केला. ताईने त्याचे बोट त्या जागेवर ठेवले. त्याने ती दाबली आणि स्वतःच कमरपट्टा सोडला. नंतर सगळे पायवाटेने उतरले. वाटभर त्याने ताईचा खांदा सोडला नाही.

सरांनी माझे तुकडे केले. बाकीचे तुकडे सामान बांधायला गेले. मऊ जागेचा हा तुकडा, म्हणजे मी, व्यायामशाळेच्या दाराशी लटकतो. नवीन येणाऱ्याच्या हातात सर आधी मला देतात आणि म्हणतात, "शोध."

मित्रांनो, तुमच्याकडेही दोर असेल, शिडी असेल, सायकलचा ब्रेक असेल. आम्हाला आतून लागले तरी सांगता येत नाही. नुसती नजर टाकून आम्हाला शाबूत म्हणू नका. हात लावा, दाबून बघा, आणि त्या वेळी कोणी आटप म्हणाले तर ऐकू नका.

नवा दोर आता तो भाऊ तपासतो. मांडी घालून, चिमटीत धरून, सावकाश. त्याची बोटे दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मग तो उठतो, दाराशी थांबतो, माझी मऊ जागा एकदा दाबून बघतो आणि म्हणतो, "ताई, थांब. अजून एकदा तपासतो."