पोहोच आली होती

सुईवाला गुरांच्या दवाखान्यासमोर खुर्ची टाकून बसला होता आणि आवारात एक शेपूट हलताना दिसत नव्हतं. बर्फाच्या पेटीत लशीच्या बाटल्या गार पडल्या होत्या. जनावर अडकवायच्या खोड्याला त्यानं सकाळीच तेल दिलं होतं. कालच्या पावसानं झालेला चिखल पायाखाली पचपचत होता. तयारी सगळी लग्नघराची, वऱ्हाडाचा मात्र पत्ता नाही.

"येतील हो," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "सगळ्यांची पोहोच आलीय."

"कसली पोहोच, काका?"

त्यानं मोबाईल पुढं केला. दवाखान्याच्या पानावर त्यानं टाकलेल्या सूचनेखाली 'पोहोच' असा शब्द होता आणि त्याच्यापुढं आकडा, गावात गुरं नसतील एवढा.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एवढ्या मोबाईलांवरून ती सूचना सरकून गेली, एवढाच त्याचा अर्थ. कुणी वाचली असं नाही. त्यात आपल्या गावचे किती, देव जाणे!"

सुईवाला आकड्याकडं बघत राहिला. त्याची निम्मी नोकरी सुया टोचण्यात, निम्मी कागद पोचवण्यात गेलेली. कागद द्यायचा, सहीशिक्क्याची पोहोच घ्यायची. पोहोच मिळाली म्हणजे समोरच्याला कळलं, आपण सुटलो. तोच शब्द मोबाईलात भेटला, तेव्हा ओळखीचं माणूस भेटावं तसा तो सुखावला होता.

एरवी दरवर्षी घटसर्पाची लस आली की तो सायकल काढायचा. घटसर्प म्हणजे मोठं वाईट दुखणं. आज घसा सुजला की उद्या जनावर आडवं. म्हणून फाटकाफाटकाशी उभा राहून तो ओरडायचा, "उद्या लस आहे गंऽ, विसरू नका!" यंदा वरून हुकूम आला, दवाखान्याचं पान उघडा, ब्लॉग लिहा, लोकांपर्यंत जा. डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष.' बाई हसून हसून दमल्या.

"काका, पत्र नाही हे. दारात उभं राहून बोलल्यासारखं लिहा."

"दारात उभं राहून बोलायचं तर मग दारातच जातो की."

"गुडघा दुखतो ना तुमचा? इथं एका बोटात सगळी दारं होतात."

गुडघा खरंच दुखत होता. ते बोट त्याला पटलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत चारदोन गुरं आली आणि लस उरली. ओढ्यापलीकडची थोरली बहीणसुद्धा फिरकली नाही, याचा त्याला जास्त राग आला. 'भावाची लाज तिनं तरी राखायची,' असं म्हणत तो घरी गेला. फोन काही केला नाही.

आठवडा सरला नाही तोच तिचाच फोन आला. "तांबडीचा घसा सुजलाय रे. घरघर लागलीय."

तो आणि डॉक्टरीणबाई पोचले तेव्हा गाय खाली बसली होती आणि बहिणीनं तिचं तोंड मांडीवर घेतलं होतं. सुई दिली, सलाईन लावलं. पण ऊन कलायच्या आत तांबडीचं सगळं आटोपलं.

"तू आला नाहीस रे यंदा," बहीण म्हणाली. आवाजात ठपका नव्हता. उद्या ऊन पडेल म्हणावं, तसं म्हणाली. "रोज फाटकाकडं बघायची. म्हटलं, भाऊ आला नाही म्हणजे लस आली नसेल अजून."

"मोबाईलवर टाकलं होतं, ताई."

"माझ्या मोबाईलला नुसती बटणं आहेत."

त्यानं खड्डा खणला, चुना टाकला, माती ओढली. घरी येऊन जेवला. सकाळी कामावर गेला. रडू येणं ही देवाची मेहेरबानीच म्हणायची. त्याला ती लाभली नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, भूल दिलेल्या जागेसारखं. तिथं टोचलं तरी कळलं नसतं.

चार दिवसांनी बहीणच दवाखान्यात आली. "तुझ्या त्या पानावर मला घे. बोलायचंय."

"ताई, कशाला..."

"तुझं ऐकत नाहीत ना? माझं ऐकतील."

आपल्या गोठ्यात रिकाम्या खुंट्याशी ती उभी राहिली, त्यानं मोबाईल समोर धरला. "कुठं बघू?"

"या काळ्या टिकलीकडं."

"तिथं कोण आहे?"

"गाव आहे."

तिनं केस सारखे केले. "माझी तांबडी गेली. लस दवाखान्यात होती, तांबडी इथं होती. मधे नुसता ओढा होता. तुमची घेऊन जा. परवा सकाळी देणार आहेत. बास, बंद कर आता."

संध्याकाळी तो तिला मोबाईल दाखवायला गेला. "लोकांनी बदाम पाठवलेत, ताई. लाल."

"मेल्या गाईवर बदाम? शहाणे आहेत का?"

"दुसरं काय दाबावं, कळत नाही त्यांना."

ती हसली की काय, त्याला नीट दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा घेऊन तो बटणांच्या मोबाईलवाल्यांची फाटकं फिरला. एक म्हातारी म्हणाली, "उजाडलं का तुझं?" तो म्हणाला, "उजाडलं, मावशी," आणि पुढं गेला.

लशीच्या सकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. हंबरणं, शिव्या, शेणाचा वास, दाव्यात दावी अडकलेली. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "रांग करा हो, रांग!" त्या गर्दीतून बहीण मोकळ्या हातांनी आली.

"तू कशाला आलीस, ताई?"

"धरायला. तुला एकट्याला आवरतील का?"

खोड्यापाशी एक वांड कालवड मालकाला फरफटत होती. बहिणीनं दावं हातात घेतलं, तिच्या कानामागं खाजवलं, मान बगलेत धरली. "हो बाई, हो. काही नाही होत." कालवड गप्प झाली. सुईवाल्यानं लस भरली. डोळे कोरडे होते.

"धरलीय मी," बहीण म्हणाली. "टोच."

त्यानं टोचलं. कालवड थरथरली. बहिणीनं ती जागा तळव्यानं चोळली, दावं मालकाच्या हातात दिलं आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"पुढचं आण."