पडदे टाळण्यापुरता धर्म

कात्रीने धर्म बदलला तो पडद्यांमुळे.

कात्री म्हणजे कोपऱ्यावरची पार्लरवाली. हातात सतत कात्री असते म्हणून हे नाव पडलं असं ती सांगायची; जिभेवरून पडलं असं बाकी सगळे सांगायचे. औषधाच्या दुकानाला लागून तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि केस धुवायचं एक बेसिन, ज्यात गरम पाणी स्वतःच्या मर्जीने यायचं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती नवरा आणि सासूबाईंबरोबर राहायची. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे घरातल्या कुठल्याच गोष्टीची त्याला भीती वाटेनाशी झाली होती. सासूबाईंना एका कानाने ऐकू यायचं नाही. कुठल्या, ते प्रसंग बघून ठरायचं.

रस्त्याच्या टोकाला प्रार्थनागृह होतं. दाताच्या डॉक्टरकडे जावं तशी कात्री तिथे जायची. गेलं नाही तर पुढे त्रास वाढेल, एवढाच त्यातला भाव. आणि दर वर्षी थंडी सरता सरता तिथले पडदे धुवायला तिच्याकडे यायचे. तिच्याकडेच का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. कधीकाळी ती 'द्या इकडे' म्हणून गेली होती आणि तेव्हापासून ते पुण्यकर्म तिच्या गळ्यात पडलं होतं. पडदे जाड मखमलीचे. ओले झाले की नवऱ्यालाही उचलवायचे नाहीत, आणि वाळेपर्यंत घरातल्यांना त्यांच्यातून वाट काढत जेवायला बसावं लागायचं.

त्या वर्षी प्रार्थनागृहाच्या समितीच्या सेक्रेटरीणबाई पडद्यांचं विचारायला पार्लरमध्ये आल्या, तेव्हा आधीचं गिऱ्हाईक नुकतंच बाहेर पडलं होतं. ती एक नर्स होती. केसांना हिरवा रंग लावून घेताना तिने सहज सांगितलं होतं की आपण पेगन आहोत. कात्रीने विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे जुने देव. ऊन, चंद्र, झाडं, ऋतू. जे डोळ्यांना दिसतं तेच."

"आणि त्यांच्या वतीने बोलणारं कोण असतं?"

"माझ्यापुरतं तरी कुणी नाही. मधे दलालच नाही."

ही दलाल नसण्याची गोष्ट कात्रीला भलतीच आवडली होती. त्यामुळे सेक्रेटरीणबाईंनी "मग यंदा पडदे कधी पाठवू?" असं विचारल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "मला नाही जमायचं, बाई. मी आता पेगन झालेय."

"काय झालीयेस?"

"पेगन."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

"आजार नाही तो. धर्म आहे. सूर्यबिर्य असतो त्यात."

सेक्रेटरीणबाई आरशातून तिच्याकडे बघत राहिल्या. शरद ऋतूत त्यांचे यजमान गेले होते, आणि त्या बाईने डोळ्यांतून टिपूस न काढता सगळं निभावून नेलं होतं. आल्यागेल्याचं चहापाणी, खुर्च्या, अगदी पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या तेसुद्धा. असली बाई पेगनला काय भीक घालणार. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, बघते मी," आणि निघून गेल्या.

बघते म्हणजे खरोखरच बघते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कात्रीच्या इमारतीची गच्ची सरळ दिसायची. हे कात्रीच्या उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर शाल ओढून ती गच्चीवर गेली आणि पूर्वेकडे तोंड करून, जमेल तेवढा पवित्र चेहरा करून उभी राहिली. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. म्हणजे आता रोज येणं आलं.

घरात बातमी फुटायला वेळ लागला नाही.

"उपास आहेत का त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"सोवळंओवळं?"

"नाही."

"मग करता काय तुम्ही?"

"सूर्य उगवताना बघतो."

"तू बघितलं नाहीस तर उगवणार नाही का तो?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा ऐकू न येणारा कान पुढे झाला.

नवऱ्याने फक्त विचारलं, की या धर्मात नवऱ्याला चहा उशिरा मिळतो का. मिळतो म्हटल्यावर तो स्वतःच करून घ्यायला लागला, आणि कात्रीला वाटलं की धर्म अगदीच वाईट नाही.

सुरुवातीला गच्चीवर उभं राहून ती केसांच्या रंगाच्या ट्यूब कुठल्या संपल्यात याचाच विचार करायची. थंडी मी म्हणत होती. सूर्य पाण्याच्या टाकीच्या उजवीकडून, बेकरीच्या धुराड्याला घासून वर यायचा आणि तिला कंटाळा यायचा. पण रोज तेच तेच बघत राहिलं की माणूस नाइलाजाने नीट बघायला लागतो. टाकीवर एक कावळा यायचा. तो काठावरचा बर्फाचा पापुद्रा चोचीने फोडून पाणी प्यायचा, आणि कात्री हलली तर शिव्या द्यायचा. कठड्याच्या फटीत कसलंसं रोप उगवलं होतं. ते बिचारं कुणी लावलेलं नव्हतं, कुणाला हवंही नव्हतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आणि एके दिवशी सूर्य टाकीच्या डाव्या बाजूने वर आला. तो रोज थोडाथोडा सरकतो हे शाळेत शिकवलं होतं म्हणा. पण शाळेतलं ते गुणांसाठी होतं. हे तिने स्वतः पकडलं होतं. तिला इतका आनंद झाला की खाली जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "सिग्नल न देता?"

खिडकीकडे बघायचं मग ती विसरायलाच लागली. पार्लरमध्ये येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे काहीतरी मागायचा. मला तरुण कर, माझा चेहरा लांबट कर, मागच्या फोटोतल्यासारखं कर. प्रार्थनागृहातही लोक तेच करायचे, फक्त डोळे मिटून. गच्चीवर मात्र कुणी काही मागत नव्हतं. सूर्य तिच्याकडे मागत नव्हता आणि तीही त्याच्याकडे नाही. ती नुसती तिथे असायची, कावळ्याइतकीच. याला भक्ती म्हणायचं का हे तिला कळेना. पण ज्या दिवशी वर जाणं चुकायचं त्या दिवशी ती गिऱ्हाइकांच्या मानेला कात्रीचं टोक लावायची, एवढं खरं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एका दुपारी सेक्रेटरीणबाई पार्लरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लाकडी खोकं होतं.

"साहेब गेले," त्या म्हणाल्या.

कात्रीने हातातला ब्रश खाली ठेवला. "कुठले साहेब?"

बाईंनी खोकं पुढे केलं. आत गवताच्या काड्यांवर एक कासव होतं. मान आत, पाय आत, दगडासारखं थंड. बाईंच्या यजमानांनी ते हौसेने पाळलं होतं आणि ऑफिसातल्या वरिष्ठाचं नाव त्याला दिलं होतं, कारण दोघेही काही विचारलं की मान आत घ्यायचे. थंडीत यजमान त्याला माळ्यावर कुठेतरी ठेवत, त्याचं सगळं तेच करत. बाईंनी कधी लक्ष घातलं नव्हतं. यजमान गेल्यावर कासव स्वयंपाकघरात राहिलं. मग वास येतो म्हणून त्यांनी ते मागच्या गॅलरीत ठेवलं, आणि आता कितीतरी दिवसांत ते हललंच नव्हतं.

"मी प्रार्थनागृहाच्या प्रमुखांकडे गेले होते," बाई म्हणाल्या. "दोन शब्द बोला म्हटलं. ते म्हणाले, प्राण्यांसाठी आपल्याकडे तशी सोय नाही." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्यात आहे का?"

कात्रीला तशी सोय आहे की नाही याची काडीचीही माहिती नव्हती. पण बाई खोक्याला ज्या तऱ्हेने धरून उभ्या होत्या ते बघून ती म्हणाली, "आहे."

तिने नवऱ्याला हाक मारली. इमारतीमागे, गॅरेजच्या भिंतीपलीकडे थोडी मोकळी जमीन होती. खोकं भिंतीवर ठेवलं आणि नवरा खड्डा खणायला लागला. जमीन अजून कडक होती आणि नवऱ्याचा वेग शिकाऊ गाडीचा. तासाभरात ढोपरभर खड्डा झाला नाही. ऊन मात्र छान पडलं होतं. बाई ताठ उभ्या होत्या. सासूबाई खुर्ची घेऊन आल्या होत्या, कारण अंत्यविधी त्या कुणाचाही चुकवत नसत.

शेवटी नवरा घाम पुसत म्हणाला, "अगं, एवढ्यात मावेल. बोल काय ते."

कात्री पुढे झाली. नर्सला फोन करून दोन ओळी विचारून घ्यायला हव्या होत्या असं तिला आत्ता सुचलं. तिने घसा साफ केला.

"हे साहेब," ती म्हणाली. "यांनी कुणाचं वाईट केलं नाही, निदान आपल्या कानावर तरी नाही. यांनी पानं खाल्ली आणि ऊन खाल्लं. पानं मातीतून आली, आता हे मातीत जातील, मग पुन्हा पानं येतील. ती कुणीतरी दुसरं खाईल. यापलीकडे मला काही माहीत नाही आणि माहीत आहे असं मी सांगणार नाही." ती थांबली. मग नकळत पुढे बोलत गेली. "यांना ज्यांनी सांभाळलं ते माझ्याकडे केस कापायला यायचे. मोजके राहिले होते, तरी दर महिन्याला यायचे. कापून झालं की खाली पडलेल्या केसांकडे बघून म्हणायचे, बायकोला सांगू नका, तिला वाटतं अजून भरपूर आहेत."

सेक्रेटरीणबाईंच्या घशातून एक आवाज आला. मग दुसरा. शरद ऋतूपासून जे आत कोंडून ठेवलं होतं ते सगळं त्या गॅरेजमागे बाहेर पडलं. नाक लाल, पदर ओला, शब्दांचा पत्ता नाही. कात्रीला काय करावं कळेना, म्हणून तिने त्यांचे केस नीट केले. हातांना तेवढंच येत होतं. तिच्या स्वतःच्याही डोळ्यांत पाणी होतं. आपण जे बोललो ते पाठ केलेलं नव्हतं, बनवलेलं नव्हतं, ते तिला खरंच तसं वाटत होतं. हे कळल्यावर ती जरा चिडलीच. पडदे टाळण्यापुरता घेतलेला धर्म असा अंगाला चिकटेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हललं ते," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमचा मेलेला."

सगळे भिंतीकडे वळले. खोक्यात उन्हाची पट्टी आली होती. साहेबांनी एक पाय बाहेर काढला होता. मग, काही घाई नसल्यासारखी, मानही बाहेर आली. त्यांनी खड्ड्याकडे बघितलं, मग फावडं घेतलेल्या माणसाकडे. नवऱ्याने फावडं पाठीमागे लपवलं.

जनावरांच्या डॉक्टरने नंतर सांगितलं की थंडीत कासवं झोपतात, ऊन लागलं की उठतात, यात काही विशेष नाही. पण ते ऐकायला वेळ कुणाला होता. औषधाच्या दुकानापर्यंत बातमी पोचेतो कात्रीने मेलेलं कासव उठवलेलं होतं, आणि चौकापर्यंत पोचेतो ते पुरलेलं होतं. एक बाई मुलाचा फोटो घेऊन आली, त्याची बदली होत नव्हती. एकीला सवतीचं काहीतरी करायचं होतं. एक टक्कल पडलेले गृहस्थ आले, टोपी काढून खुर्चीत बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कासवासाठी केलंत ते..."

"कासव झोपलं होतं," कात्री म्हणाली. "तुमचे केस गेलेत."

तिला या सगळ्याचा राग यायचा तो वेगळ्याच कारणासाठी. लोकांना चमत्कार हवा होता. आणि महिनोन् महिने दगड होऊन पडलेला जीव नुसतं ऊन लागल्यावर पाय बाहेर काढतो, हे त्यांना विशेष वाटत नव्हतं. तिला रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो पाय आठवायचा. सुरकुतलेला, धुळकट, आणि गवतावर हळूच टेकलेला.

सेक्रेटरीणबाईंनी प्रार्थनागृहात सांगितलं की साहेब आपल्याच प्रार्थनेने उठले. प्रमुखांनी त्यावर प्रवचनही केलं. कात्रीच्या कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस धुमसली. मग बाई स्वतःच केस कापायला आल्या.

"मी तसं म्हटलं खरं," त्या आरशात बघत म्हणाल्या. "समितीत आहे, दुसरं काय म्हणणार. रागावलीस?"

"थोडी."

"आणि एक विचारू? ते पेगन वगैरे, पडदे टाळायला होतं ना?"

कात्रीची कात्री थांबली. "हो."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मग तू रोज वर जायला लागलीस. पावसातही उभी होतीस एकदा, वेड्यासारखी. म्हटलं, एवढं करण्यापेक्षा पडदे धुणं सोपं." त्यांनी मान वाकवली, मागचे केस कापता यावेत म्हणून. "यंदा मीच धुतले. कंबर गेली माझी. आता तुला टाळायला काही राहिलं नाही, तर येशील का परत?"

कात्रीने प्रामाणिकपणे विचार करून बघितला. "पडदे पाठवा पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "दोघी मिळून धुऊ. पण सकाळी मी वरच जाणार."

"काय मिळतं तिथे?"

"काही नाही. तेच बरं वाटतं."

बाईंना ते पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. पण त्यांच्या गॅलरीत ऊन येत नव्हतं आणि डॉक्टरने साहेबांना सकाळचं ऊन द्यायला सांगितलं होतं. म्हणून आठवड्याभरात त्या खोकं घेऊन गच्चीवर यायला लागल्या. खोकं कठड्याशी ठेवायचं, मग आपली प्रार्थना डोळे मिटून पुटपुटायची, बरीच लांबलचक, सगळ्या नातेवाइकांची नावं घेत. कात्री बाजूला डोळे उघडे ठेवून उभी राहायची. बाईंच्या यादीत आपलंही नाव आहे हे तिला एकदा ऐकू आलं, सासूबाईंच्या गुडघ्यांनंतर.

साहेब खोक्यातून बाहेर पडून कठड्याच्या फटीपर्यंत पोचले होते, आणि तिथलं ते कुणी न लावलेलं रोप शांतपणे खात होते.