मांडणाऱ्याला लागू नाही

एल्डन स्कारपोल नॉर्थ डकोटाच्या विधानसभेत पहिल्यांदा निवडून आले, ते बीट पिकवणाऱ्या मतदारसंघातून. पहिल्याच सभेत त्यांनी सांगून टाकलं होतं, "घरी बायको नाही, रॉय आहे. एकोणीस वर्षं झाली. आता रस्त्यांचं बोलू."

मी त्यांच्या कार्यालयात नऊ वर्षं काम केलं. त्याआधी ते लष्करात ट्रक दुरुस्त करत. आखाती युद्धातही होते. समलिंगी माणसांना तेव्हा लष्करात बंदी होती. १९९५ साली रॉयचं एक पत्र वरिष्ठांच्या हाती लागलं आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर सार्जंट असलेल्या साहेबांना पंधरा दिवसांत घरी पाठवलं. माजी सैनिकांना मिळते ती घरपट्टीतली सवलतही गेली.

असं काढून टाकलेल्यांना ती सवलत मिळावी, म्हणून त्यांनी विधेयक आणलं. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा समितीचे अध्यक्ष व्हर्लिन ऑस्टर, स्वतः व्हिएतनामला लढलेले, म्हणाले, "एल्डन, खरं सांग, घरपट्टी कुणाची कमी होणार? तुझीच ना?"

सगळे हसले. "माझीही," साहेब म्हणाले आणि तिथंच पेनानं एक ओळ वाढवली: विधेयक मांडणाऱ्याला हे लागू नाही.

बाहेर मी चिडले. "साहेब, पहिला हक्क तर तुमचा!"

"आहेच गं. पण नाही म्हणायला त्यांचं एक कारण कमी झालं."

रॉय फोनवर एवढंच म्हणाला, "घर दोघांचं आहे. मला विचारलंस?"

विधेयक तीन मतांनी पास झालं. ऑस्टरनी विरोधातच मत दिलं. दीड महिन्यानं त्यांचाच फोन आला. "माझ्या गावात आयोला म्हणून एक म्हातारी आहे, नौदलात नर्स होती. तिला असंच काढलं होतं म्हणे. मला कधी बोलली नाही. तो अर्ज कसा भरायचा रे?"

"मीच येतो," साहेब म्हणाले.

साहेब, रॉय आणि मी, आम्ही तिघं गेलो. रॉय वाटभर खिडकीबाहेर बघत होता. आयोलाबाईंनी कॉफी दिली, सही केली आणि विचारलं, "तुम्हाला किती सूट मिळाली हो?"

साहेब अर्जाची घडी घालू लागले. रॉयच म्हणाला, "याला नको होती. याचं डोकं असंच चालतं," आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

पुढची निवडणूक साहेब दोनशे बारा मतांनी हरले. वाद शेतातल्या पाण्याच्या निचऱ्याचा होता. रॉयबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.