वेळ नसलेली ओळ

"आता डॉलर पाच लिहा, सिस्टर. इथे डॉलर म्हणजे पैसे नव्हेत, पाचवा रकाना."

सिस्टरनी एका बोटानं कळ शोधली. रुग्णाला उचलताना कंबर धरली, तेव्हा त्यांची वॉर्डातून जुन्या नोंदींच्या खोलीत बदली झाली होती. त्यांच्या वॉर्डाची अठरा वर्षांची रजिस्टरं संगणकात चढली होती. कोणत्या तासाला किती मृत्यू झाले, ते वरच्यांना हवं होतं. त्यासाठी संगणक विभागातली मुलगी त्यांना ही भाषा शिकवत होती. भाषा फुकट, कुणीही उघडून आत बघावं अशी. माऊस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा.

"ती एकेक ओळ वाचते. अट जुळली तर काम करते, नाही तर पुढे."

"म्हणजे राउंडच की गं! खाटेखाटेशी थांबायचं."

पाचव्या रकान्यात 'मृत' असलेल्या ओळी मागितल्या, तशा त्या सरसर खाली उतरू लागल्या. सिस्टरचं हसू मावळलं. खाट चार, पाय चेपून मागणारे मास्तर. खाट अकरा, सारखी खिडकी उघडायला लावणारी.

एकूण चारशे बारा. तासांप्रमाणे मोजले, तर चारशे अकराच.

"एका ओळीत वेळच नाहीये," मुलगी म्हणाली. "गाळून टाकू? एका अटीचं काम आहे."

खाट नऊ. बाई, वय एकसष्ट.

"नको." सिस्टर म्हणाल्या. "तीन वाजून वीस मिनिटं. दुपारचे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिनं घंटी वाजवली होती. मी कपड्यांच्या खोलीत फोनवर होते, घरच्यांशी भांडत. आले आले म्हणत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते, तेव्हा घंटी थांबली. म्हटलं, बरं झालं, झोपली असेल. चारला गेले तर..." त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "लेकीनं विचारलं, आई किती वाजता गेली? म्हटलं, झोपेत गेली, कळलंच नाही. रजिस्टरात जागा कोरी सोडली. ती घंटी अजून ऐकू येते मला. भर दुपारी, भाजी चिरताना."

मुलगी हळूच म्हणाली, "नोंद बदलली तर विचारतील, सिस्टर. ड्युटीवर कोण होतं म्हणून."

"विचारू देत. मूळ फाइल तशीच ठेव. दुसरीत मी भरते."

त्यांनी वेळ टंकली. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःचा कर्मचारी क्रमांक घातला. आज्ञा पुन्हा चालवली. पंधराच्या, म्हणजे दुपारी तीनच्या तासापुढे सोळाचे सतरा झाले.

"त्या लेकीचा पत्ता निघेल का गं?"

"केसपेपरवर असेल. शोधते."

सिस्टर कंबरेवर हात ठेवून उठल्या आणि अधीक्षकांच्या दालनाकडे गेल्या. आत कुणीतरी होतं. शिपाई ओळखीचा; त्यानं लगबगीनं स्वतःची खुर्ची पुढे केली. मानेनंच नको म्हणून त्या समोरच्या बाकावर, नातेवाइकांच्या रांगेत, जाऊन बसल्या.